धक्का पोहोचला तिथवर

आप्पासाहेबांना डोंगर बघायचा होता. नुसता डोंगर नव्हे, जमिनीच्या धक्क्यानं उभा राहिलेला! त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचा थोरला भाऊ साहेबराव दगडामातीच्या माळवदाखाली गेला. तेव्हापासून हा माणूस छपराखाली झोपलेला नाही. जमीन कोपली ती आपल्याच पापांमुळं, असं गावात बोललं गेलं आणि ते त्यांच्या मनात घर करून बसलं.

मी चाकूरचा भूगोलाचा मास्तर. आपली भूमी उत्तरेला सरकत आशियाला रेटते आहे, त्या रेट्यानं हिमालय उभा राहिला आणि आपल्याकडची जमीनही त्याच ताणानं फुटली असावी असं तज्ज्ञ म्हणतात, हे मी त्यांना सांगून बसलो.

"दाखवा," ते म्हणाले. झालं! मी, ते आणि त्यांची लेक आरती, असे तिघं हिमालयात, स्पितीच्या खोऱ्यात येऊन धडकलो. पहिली रात्र आप्पांनी तीन रजया घेऊन यजमानाच्या अंगणातच काढली.

मला त्यांना दाखवायचा होता तो, दगडात जुने शंख सापडतात असा उतार ओढ्याच्या पल्याड होता. सकाळी सहाला पाणी गुडघाभर, पण बर्फासारखं गार.

"ऊन चढू द्या, मास्तर. पाणी उतरंल," आप्पा म्हणाले.

मीही मान डोलावली, बावीस वर्षं भूगोल शिकवून! आम्ही धपाटे सोडून बसलो. ऊन वरचं बर्फ वितळवत होतं आणि दहा वाजता पाणी मांडीला आलं. मला माझीच लाज वाटली.

"उद्या येऊ," मी म्हणालो.

"उद्या परतीची गाडी हाय," आरती म्हणाली. "आप्पा, जायचं का?"

"मग आलो कशाला म्या?"

हातात हात गुंफून आम्ही उतरलो. मधोमध माझा पाय सुटला. पाणी कमरेला! पायाखालचे दगड पळाले. आप्पांनी मनगट धरलं, बुजलेल्या बैलाचा कासरा धरावा तसं. ते तसूभर हलले नाहीत.

"पाय टेकवा, मास्तर."

टेकला. पार झालो!

दोन तास धापा टाकत चढल्यावर आरतीला तो दगड दिसला. त्यात गोगलगायीसारखं वेटोळं होतं.

"ह्ये समुद्रातलं?" आप्पांनी विचारलं.

"हो. दोन भूमींच्या मध्ये समुद्र होता. त्या भिडल्या, तळाचा गाळ चेपला, त्याला घड्या पडल्या आणि तो इथवर आला. साडेचार हजार मीटर. अजूनही उचलला जातोय."

आप्पा त्या वेटोळ्यावरून बोट फिरवत राहिले.

"म्हंजे जमीन कोपली न्हवती. ती आपल्या कामात व्हती. दादा मधी सापडला."

ते रडले. मलाही आवरलं नाही. मग ते उठले, दरीकडं तोंड करून ओरडले, "दादाऽ! आपली जमीन कुठवर पोचली बघ!" समोरच्या कड्यानं ती हाक परत केली आणि आप्पा चक्क हसले.

मी शंख उचलायला वाकलो, तर त्यांनी हात धरला. "ऱ्हाऊ द्या. लई खालून आलाय त्यो."

परतताना ओढ्याच्या नादी लागलो नाही. चार तासांचा वळसा घालून पुलावरून गावात आलो. यजमानाचं घर दगडामातीचं होतं आणि वर थेट आपल्यासारखं माळवद. आप्पा उंबऱ्याशी थांबले. वर बघितलं. तुळईवर एक थाप मारली.

"आरती, माझी पथारी आत टाक," म्हणाले आणि वाकून आत गेले.