उंबवेच्या चढावर मांका

माझी बायको मांका वारल्याचं मला कोणी तोंडानं सांगितलं नाही. डोंगरावरचा बारांकोचा तळ तासाभरावर होता. मुकादम लेमाकाका मागून आले आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवून त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं. साठीचा माणूस. डोंगरावर कोणी कोणाचं ओझं असं घेत नाही.

"घरून निरोप आलाय?" मी विचारलं.

"आधी तळावर चल, एलिसारिया. दोन घास खा."

तेव्हाच कळलं. मी निघालो तेव्हा तिला ताप होता. "जा तू, मी काय लहान आहे?" असं म्हणून तिनंच मला घालवलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी ती मला याच वाटेवर भेटली. किलिमांजारोवर चढणाऱ्या वाटांमध्ये उंबवेची वाट सगळ्यांत उभी. झाडांची मुळं धरून चढावं लागतं. आम्हा हमालांत बाई ती एकटीच होती. पायथ्याच्या फाटकावर ओझी तोलून झाली, प्रत्येकाचं वीस किलो, आणि ती माझ्या पुढे येऊन उभी राहिली.

"बाई, ही वाट सोपी नाही हं," मी म्हणालो.

"म्हणून तर पुढे चालतेय. तू पडलास तर माझ्या अंगावर नको."

दिवसभर धुक्यात मला तिच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या. संध्याकाळी गुहेजवळच्या तळावर ती एका बाजूला बसून मान चोळत होती. कोणी बघत नाही असं तिला वाटलं असावं. मी बघत होतो.

सकाळी ती चहा घ्यायला गेली, तेव्हा मी तिच्या गोणीतले पाच किलो बटाटे माझ्या गोणीत टाकले. वाटलं, चढावर तिला हलकं वाटेल, ती वळून बघेल, मी हसेन... एवढंच.

पण निघताना आमच्या मुकादमानं, म्हणजे लेमाकाकांनीच, पुन्हा वजनकाटा लावला. तिचं ओझं पंधरा किलो भरलं.

"बटाटे कुठे फेकलेस?"

"मी नाही फेकले, काका."

"वाटेत माल टाकणारा हमाल मला नको. परत जा."

माझं ओझं त्यांनी तोललंच नाही. मी त्यांच्या भरवशाचा. तिनं माझ्या फुगलेल्या गोणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बोलायला हवं होतं. सगळे बघत होते आणि मी... गप्प राहिलो. ती एकटी उतरून गेली.

खाली आल्यावर मी घरी गेलो नाही. वाटेतल्या एका कुंपणाच्या इसाले झुडपाचं पान तोडलं, त्याला गाठ मारली आणि तिच्या आईच्या दारात उभा राहिलो. आम्हा चग्गा लोकांत गाठ मारलेलं इसालेचं पान पुढे केलं की समोरच्याला माफी नाकारता येत नाही, अपराध केवढाही असो. मांका गाईला केळीचे खुंट चिरून घालत होती. तिनं पान घेतलं.

"केलं माफ. निघ आता."

"एवढंच?"

"मग काय, ओवाळू? पानानं माफी मिळते. माणूस आवडायचा की नाही, ते माझं मी ठरवीन."

"आणि तुझं काम?"

"ते तू घालवलंस. तूच मिळवून दे. सगळ्यांसमोर."

पुढच्या फेरीला फाटकावर मी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. माणसं पोट धरून हसली. "बटाटेचोर!" हे नाव मला तिथंच पडलं. लेमाकाका मात्र हसले नाहीत. "तुझ्यामुळे मी एका खऱ्या माणसाला खोटं ठरवलं," ते म्हणाले. त्यांनी मांकाला बोलावणं धाडलं, आणि ती येताच सगळ्यांदेखत तिची माफी मागून तिला पुन्हा कामावर घेतलं. मला रॉकेलचे डबे देऊन रांगेत शेवटी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मुळांच्या चढावर माझा पाय घसरला. वरून एक हात आला. रांग पुढे गेली होती. ती एकटीच मागे थांबली होती.

"धर. इथं वजनकाटा नाही."

मी धरला. वर आल्यावरही तिनं सोडला नाही.

"मांका... माझं ओझं घेतेस का?" मी गमतीनं म्हणालो.

"तुझं ओझं तूच वाहायचं. मी हात देतेय तेवढा घे." थोडं थांबून ती म्हणाली, "खाली गेल्यावर आईला विचार... मी ठरवलंय."

लग्न झालं, मुलगी झाली. मग एक जण डोंगरावर, तर दुसरा घरी, असंच चाललं. ती भेटली की विचारायची, "वर थंडी कशी आहे?" आणि मी विचारायचो, "गाय दूध किती देते?"

परवा तिला आमच्या केळीच्या बागेत पुरलं. मुलीनं आईच्या चपला आत नेऊन ठेवल्या.

आम्ही हमाल शेवटच्या तळावर थांबतो. शिखरावर पाहुणे आणि वाटाडे जातात. आम्ही दोघांनीही ते कधी पाहिलं नाही. रिकाम्या हातांनी, एकमेकांसोबत एकदा वर जाऊ, असं दर वर्षी ठरवायचो. ते राहून गेलं.