ओळीतली शेवटची सायकल

थंडी पडली की धुलाईघरातल्या बायका ओळीने कामावर जायच्या. दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम. पाळी उजाडताना लागायची आणि वाटेत कालव्याचा लांबच लांब बांध, कठडा म्हणून नाही. उन्हाळ्यात त्याच बांधावर तिघी-तिघी शेजारी सायकली घालून गप्पा हाणायच्या. धुकं उतरलं की मात्र अशी गत, की आपल्याच सायकलचं पुढचं चाक परकं वाटावं.

म्हणून त्यांनी रीत घातली होती. पुढचीने घंटी वाजवायची, मागच्यांनी एकेक करून उत्तर द्यायचं आणि शेवटचीने दोनदा वाजवायची. दोनदा ऐकू आली की सगळं शेपूट बांधावर आहे, असं समजून पुढचीने पायडल मारत राहायचं. वळून बघायचं नाही. वळून बघितलं की हँडल वळतं आणि हँडल वळलं की कालवा.

कितीतरी वर्षं शेवटची जागा थोरल्या वन्संची होती. गेल्या थंडीत छातीत कफ साचला आणि त्या घरच्या बिछान्यातच गेल्या. त्यांची भावजय तेव्हापासून पुढे असायची. या वर्षी तिची लेकही कामाला लागली होती.

नवरा रोज कुरकुरायचा. "पोरीला कशाला ओढतेस त्या धुक्यात?"

"माझ्यासोबत जाईल, माझ्यासोबत येईल. एक ओरखडा उठला तर मला विचारा," असं ती ठासून म्हणाली होती.

त्या सकाळी निघायलाच उशीर झाला. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काम करणारी एक बाई ओळीत असायची. तिची सायकल सगळ्या अंगाने वाजायची, म्हणून तिला सगळ्या ढोलकी म्हणत. ती पोरीवर खेकसली, "अगं, हातमोजेच घालतेस ना? की नवरी नटवतेस?"

पोरगी हसली आणि त्या हसण्यात मागे राहिली. नवख्या पोरीला मधे घ्यायला हवं होतं. आईच्या मनात आलंही. पण मुकादम फाटक लावून घेईल या धास्तीने ती म्हणाली, "राहू दे, शेवटी ये. दोनदा वाजव, विसरू नकोस."

बांध लागला. कुजक्या गवताचा ओला वास, चाकांखाली खडीची करकर, बाकी काही नाही. आईने घंटी दिली. ढोलकीने दिली, पाठोपाठ इतरजणींनी दिली. मग जरा थांबून, मागे खूप लांबून, दोनदा. ट्रिंग... ट्रिंग. आईचा जीव भांड्यात पडला. पुन्हा वाजवली, पुन्हा दोनदा आली. असं करत धुलाईघराचा दिवा दिसला. सगळ्या उतरल्या, नाकं पुसली.

पोरगी नव्हती.

"आत्ता तर वाजली ना गं?" ढोलकी म्हणाली.

"वाजली..." आई म्हणाली आणि सायकल वळवून परत बांधावर गेली. हाका मारत गेली, घंटी मारत गेली. उत्तर येईना.

बांध जिथे वळतो तिथे पोरगी उभी होती. सायकलचं पुढचं चाक काठाबाहेर, कालव्याच्या पाण्यावर अधांतरी. दोन्ही हातांनी ब्रेक असे आवळलेले, की आईला एकेक बोट सोडवावं लागलं.

"चेन पडली होती गं," पोरगी हळूच म्हणाली. "पहिल्या घंटीच्या आधीच. हाक मारली, तुम्ही कुणी थांबला नाहीत."

"आणि घंटी?"

"मी नाही वाजवली... हात चेनमधे होते माझे. चेन बसवली, निघाले, तर मागून कुणी ढकलायला लागलं. मला वाटलं, तूच आलीस न्यायला. बरं वाटलं. मग पाणी दिसलं, ब्रेक दाबले... तरी ढकलतच होतं. मग कुणीतरी दंड धरला. घट्ट. तेव्हा थांबले."

आईने सायकल मागे ओढून घेतली, पोरीला चालवत फाटकापर्यंत आणलं आणि दिव्याखाली उभं केलं. धुक्याने लोकरीच्या स्वेटरवर पांढरं दव धरलं होतं. दंडावर मात्र धरल्याची कोरडी खूण होती, एक अंगठा आणि तीनच बोटं. थोरल्या वन्संची करंगळी चादरी पिळायच्या यंत्राने कधीच नेली होती. आईचे डोळे भरून आले. तिने त्या खुणेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आत्या होती गं. आत्याने धरलं तुला. घाबरू नकोस."

पोरीच्या चेहऱ्यावर रंग आला. ती आत जायला वळली, तशी तिची पाठ दिव्याकडे झाली.

पाठीवर, बरोबर मधोमध, दवात दुसरा पंजा उमटला होता. सपाट, रुंद, पाचही बोटांचा.

आईने पदराने तो भराभरा पुसून टाकला. पुसताना हाताला लागलं, तेवढीच लोकर अजून कोमट होती.