उलटं बसवलेलं रबर

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. ज्याचा हात मोडला तो माझा सख्खा भाऊ आहे. आणि ते झालं तेव्हा मी दहा पावलांवर उभी होते.

रात्र नव्हती. अंधार नव्हता.

बुधवार. दुपारचे अडीच. लख्ख ऊन.

आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान एका उताराच्या माथ्यावर आहे. दारातून निघालेला रस्ता सरळ खाली जातो आणि तळाला दगडी भिंतीपाशी काटकोनात वळतो. तिथे ब्रेक लागला नाही तर भिंत लागते, असं वडील म्हणायचे. त्यांच्या मागे दुकान दादा आणि मी चालवायचो. चाकाचे आरे मी ताणायची, बाकी सगळं दादा. हात सोन्याचा, पण डोकं म्हणजे निखारा.

आमच्याकडे एक धारवाला यायचा. सायकलवरच धारेचा दगड बसवलेला, पेडल मारलं की फिरायचा. मागे कॅरिअरला सुऱ्या-कात्र्यांची पेटी. माणूस पन्नाशीचा, हडकुळा, तोंडाने फटकळ.

त्या बुधवारच्या दीड महिना आधी तो दुकानात आला तो भडकूनच.

"हे रबर आहे का साबण? रस्ता ओला काय झाला, गाडी थांबेचना! एका बाईच्या अंगावर गेलो असतो!"

आणि ब्रेकची जुनी रबरं त्याने दादाच्या तोंडावर फेकली. चार गिऱ्हाइकांसमोर.

दादाने हातातला पाना फिरवला.

धारवाल्याचा पुढचा दात फरशीवर पडला. तो तसाच उठला आणि दादाच्या पोटात डोकं घालून घुसला. दादाने त्याचे केस धरले, डोकं लोखंडी टेबलावर आपटलं. एकदा. दोनदा. मी मध्ये पडले. माझ्या हाताला रक्त लागलं, कोणाचं ते कळलं नाही.

दोन दिवसांनी तो परत आला. ओठ टम्म सुजलेला.

"भांडण भांडणाच्या जागी," तो म्हणाला. "उतार रोजचा आहे. चांगली रबरं दाखव."

दादाने पाठ फिरवली. मीच तीन जोड्या मांडल्या. काळं, कडक रबर वर्षभर टिकतं, पण पाण्यात घसरतं. तांबूस, मऊ रबर पकडतं छान, पण लवकर झिजतं. आणि तिसरं लांबट, पत्र्याच्या खोबणीत सरकवायचं. रिमला जास्त टेकतं, म्हणून ओझ्याच्या गाडीला बरं.

त्याने प्रत्येकात नख रुतवून पाहिलं.

"दगडाचंही असंच असतं," तो मला म्हणाला. "मऊ दगड धार लवकर देतो आणि स्वतः लवकर संपतो. हे लांब दे. मला एकदम जाम होणारी गाडी नको, पोरी. जेवढं दाबीन तेवढीच थांबली पाहिजे."

दादा रबरं बसवायला बसला.

त्या खोबणीचं एक टोक बंद असतं, एक उघडं. बंद टोक पुढे यायला हवं. ब्रेक दाबला की फिरती रिम रबराला पुढे ओढते, बंद टोक त्याला अडवतं. उलटं बसवलं तर रबर उघड्या टोकातून सरकून बाहेर पडतं.

मी शेजारीच बसले होते.

मी पाहिलं. बंद टोक मागे होतं. दोन्ही चाकांना.

दादाकडून अशी चूक होत नाही. डोळे बांधले तरी होत नाही.

मी तोंड उघडलं... दादाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

दादाची भीती वाटली म्हणून? की त्या फटकळ माणसाला जरा अद्दल घडावी असं मलाही वाटलं? चार वर्षं स्वतःला विचारतेय.

धारवाल्याने दुकानातच गाडी ढकलून ब्रेक दाबून पाहिला. जागच्या जागी थांबली. तो दादाकडे बघून हसला, दात नसलेल्या तोंडाने.

"खोटं नाही बोलत, हात आहे तुझा."

आणि तो उतारावर निघाला.

आधी ब्रेकचा दमदार आवाज आला. मग टक्... टक्... रबरं निसटली. मग पत्रा रिमवर किंचाळला.

मग भिंत.

पेटी त्याच्या अंगावर फुटली होती. सगळ्या सुऱ्यांना त्याने त्याच सकाळी धार लावलेली. गळा, पोट, मांडी... जास्त सांगत नाही. तो लगेच गेला नाही, एवढं सांगते.

लोक त्याला धरत होते. दादा रस्त्यावर पडलेली रबरं वेचत होता. चारही खिशात घातली. पुढे पोलिसांनी 'ब्रेक निकामी' असं लिहिलं आणि विषय मिटला.

आठ दिवस काही नाही.

नवव्या दुपारी मी आरे ताणत होते आणि मागच्या भिंतीतून आवाज आला...

खर्र... खर्र...

दगडावर पातं घासल्याचा.

"मागच्या दुकानात सुतारकाम चाललंय," दादा म्हणाला.

मागचं दुकान तीन महिने बंद होतं. त्यालाही ते माहीत होतं.

आवाज रोज यायला लागला. पण आवाजापेक्षा तो थांबल्यावर जास्त भीती वाटायची. वाटायचं, आता कोणीतरी अंगठा लावून धार बघतंय...

मग रबरं उलटी व्हायला लागली. दादा संध्याकाळी नीट बसवायचा, सकाळी बंद टोक मागे. एकाच गाडीला सलग तीन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याने हातोडा घेतला आणि गिऱ्हाइकांच्या रिकाम्या खुर्चीवर घाव घालत सुटला.

"ये ना समोर! ये!"

खुर्चीचा भुगा झाला. त्याचे हात सोलवटून निघाले. तरी थांबेना.

तो बुधवार.

दादाने त्याच गाडीला पुन्हा रबरं बसवली. या वेळी मी स्वतः वाकून तपासली. बंद टोक पुढे. चारही.

"मीच चालवून बघतो," तो म्हणाला. "एकदाचं काय ते होऊन जाऊ दे."

"दादा, नको."

ऐकलं तर तो दादा कसला?

तो निघाला. दहा पावलं गेला असेल...

मागचं टायर दबलं.

जसं कॅरिअरवर कोणी बसल्यावर दबतं, तसं.

पुढच्या ब्रेकचा दांडा हळूहळू हँडलकडे जायला लागला. दादा ओरडत होता, बोटं सोडवायला बघत होता. बोटं सुटत नव्हती. दांडा हँडलला टेकला, तरी दाब थांबला नाही...

बोटांची हाडं मोडताना मी ऐकली. एकेक.

चाक जाम झालं. दादा हँडलवरून उडाला आणि तोंडावर आपटला. जबडा फुटला. सायकल क्षणभर उभीच राहिली. मागचं टायर पुन्हा फुगलं आणि मगच ती आडवी झाली.

"पडून हात असा मोडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही बोटं वरून चिरडली आहेत. कोणी चिरडली?"



दोन महिन्यांनी दादाच्या जबड्याच्या तारा काढल्या. घरी आल्यावर मी विचारलं.

"मागे बसला होता," तो म्हणाला. "माझ्या हातावर हात ठेवला. थंड नव्हता गं. गरम होता."

"काही बोलला?"

दादाने नजर छताकडे वळवली.

"'तुझ्या बहिणीनेही पाहिलं होतं का?' एवढंच विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

दादाने कूस बदलली.

चार वर्षांत कितीदा विचारलं असेल. विषय बदलतो. माझ्या नजरेला नजरही देत नाही.

दुकान आता मी एकटीच चालवते. मागची भिंत पाडून नवीन बांधली. आवाज येत नाही. पण दुपारी दोनच्या पुढे मी शटर ओढून घेते, चार वाजेपर्यंत उघडत नाही. गिऱ्हाइकं बाहेरून थापा मारतात, चिडतात.

चिडू देत. बाहेर गिऱ्हाईकच आहे हे मला आतून कसं कळणार?