गवताला जागा नसते

एका शब्दाची भानगड सोडवायची होती, एवढ्यासाठीच निवृत्त मास्तर उसुई-सेन्सेई त्या ऑफिसात जाऊ लागले होते.

जपानातल्या मियोशी गावाच्या जुन्या पेठेत, तांदळाच्या दुकानावरच्या माडीत ती छोटी कंपनी होती. जाहिरातींखाली लोक जे काही लिहितात ते गोळा करायचं आणि गिऱ्हाईक खूश आहे की वैतागलंय ते सांगायचं, हा तिचा धंदा. ही निवडानिवड संगणक करी. पण या खेपेस जाहिरात गवत कापायच्या मशीनची होती आणि संगणकाची मती गुंग झाली होती. कारण हल्लीच्या पोरांना हसू आलं की ती 'गवत' असं लिहितात.

"आता सांगा सेन्सेई," तिथे काम करणारी कुगा इत्सुको पहिल्या दिवशी म्हणाली होती, "गवताच्या जाहिरातीखाली 'गवत' लिहिणारा माणूस हसतोय, की त्याच्या बांधावर खरंच गवत माजलंय? मशीनवाले विचारतात, लोक आम्हाला हसतात का!"

इत्सुको तिशीची. तोंडाने फटकळ, मनाने निर्मळ. काही गमतीचं ऐकलं की ती मोठ्याने "गवत!" म्हणायची. सेन्सेईंना स्वतःची मुलं नव्हती. ती गार जवाचा चहा आणून ठेवायची तेव्हा त्यांना उगाच भरून यायचं.

सेन्सेईंनी उभी हयात व्याकरण शिकवण्यात घालवली होती, पण स्वतःवर भरवसा असा कधी बसलाच नाही. दाराला कुलूप घालून तीनदा ओढून पाहणारा माणूस. तरी आठवडाभरात त्यांना एक खूण सापडली. हसण्याच्या गवताला जागा नसते. ते वाक्याच्या शेवटी नुसतं चिकटतं. खरं गवत मात्र कुठेतरी उगवतं. बांधावर, अंगणात, थडग्याशी.

जाहिरात साधी होती. ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या आधी डोंगरातल्या थडग्यांपासून घरापर्यंतची वाट साफ करायची जुनी रीत आहे. पितरांना यायला वाट हवी. डोक्याला पंचा गुंडाळलेला दोमोतो नावाचा हसरा गडी उजाड वाडीतल्या अशाच वाटेवर मशीन फिरवतो आणि म्हणतो, "वाट मोकळी करा, मंडळी येताहेत!" लोकांना तो फार आवडला होता. "बायको ओसाकाला पळून गेली, तेव्हापासून बिचारा गवतच कापतोय," इत्सुको हसत सांगायची. ती वाडी त्याचीच.

त्या दुपारी ऑफिसात सेन्सेई एकटेच होते. इत्सुको दोमोतोबरोबर त्याच वाडीत दुसऱ्या जाहिरातीची जागा बघायला गेली होती. बाहेर रातकिडे किर्र करत होते, भर उन्हात. पडद्यावर 'सुझुयो' या एकाच बाईच्या नावाने आलेल्या काही ओळी होत्या. संगणकाने त्या सगळ्या 'हसू'त टाकल्या होत्या.

'तोंडात गवत.'

'बरगड्यांतून गवत.'

'तो दर वर्षी कापतो. इथलं तेवढं ठेवतो.'

खाली पोरांनी 'गवत गवत' लिहून हसून घेतलं होतं.

सेन्सेईंच्या मनात पाल चुकचुकली. तोंडात. बरगड्यांतून. या गवताला जागा होती. ते आपल्या मनाला समजावू लागले, म्हातारपणी नाही नाही ते दिसतं... तेवढ्यात पडद्यावर नवी ओळ उमटली.

'आता वाट मोकळी झाली. आज त्याने एकीला आणलंय.'

त्यांनी इत्सुकोला फोन लावला.

"बोला सेन्सेई!" मागे मशीनची घरघर होती. "जेवलात ना? डबा फ्रिजमध्ये..."

"कुगा-सान, नीट ऐका... तिथे न कापलेला तुकडा आहे का कुठे?"

"आहे की. देवदाराखाली. मघाशी मीच म्हटलं, हा का सोडलाय? तर म्हणतात, साप आहे."

"तिथून निघा. आत्ता. कदाचित माझीच चूक असेल... पण त्या गवतात बाई आहे, असं कोणीतरी लिहितंय."

इत्सुको खळखळून हसली. "गवत!" आणि फोन कानाला तसाच ठेवून ती ओरडली, "अहो दोमोतो-सान, सेन्सेई विचारताहेत, देवदाराखाली बाई पुरलीय का म्हणून!"

मशीन थांबलं.

खिडकीबाहेरचे रातकिडेही थांबले.

"कोण म्हणालं असं?" दोमोतोचा आवाज. जाहिरातीतल्यासारखाच, हसरा.

"अहो, गंमत..."

"फोन दे इकडे."

"दोमोतो-सान... ते पातं खाली करा ना..."

मशीन पुन्हा सुरू झालं. या वेळी अगदी जवळ. इत्सुको किंचाळली. पातं ओलं काहीतरी कापत गेल्याचा आवाज आला, मग दगडाचा, मग पुन्हा ओल्याचा. "पळा! पळा!" सेन्सेई ओरडत होते, रिकाम्या खोलीत, उभे राहून. आणि मग लांब गवत दांड्याला गुरफटल्यावर येतो तसा आवाज आला. मशीन गुदमरलं. आता पुरुष ओरडत होता. "सोड... पाय सोड... सुझुयो, नको..." पुढचे शब्द तोंडात काही कोंबल्यासारखे गेले. आणि पातं पुन्हा फिरू लागलं, सावकाश, खूप वेळ.

पोलिसांना दोमोतो तुकड्यांत सापडला. मुंडकं देवदाराच्या बुंध्याशी होतं. दाती तृण धरून शरण यावं तसं त्याचं तोंड गवताने गच्च भरलेलं. त्याखाली उकरल्यावर त्याच्या बायकोची हाडं निघाली. बरगड्यांतून मुळं आरपार. इत्सुको वाटेच्या तोंडाशी रक्ताने माखून बसली होती. तिच्या खांद्यावर खोल जखम होती, पण ती जिवंत होती.

शरदात ती कामावर परतली. सेन्सेईंनी तिच्या टेबलावर केशरी पर्सिमन फळं ठेवली. आपण फोन केला म्हणून ती वाचली, की केला म्हणून तिच्यावर पातं उगारलं गेलं, हे त्यांना अजून ठरवता येत नव्हतं. सुझुयोच्या नावाने मात्र त्या दुपारनंतर एकही ओळ आली नव्हती. त्यांनी रोज पाहिलं होतं.

तिने हसावं म्हणून त्यांनी चष्मा हरवल्याचा एक किस्सा सांगितला. चष्मा कपाळावरच होता.

इत्सुको ऐकत राहिली. "गवत," ती म्हणाली. हळू, जपून, नवा शब्द उच्चारावा तशी.

मग तिने तोंडाशी हात नेला, जिभेखालून एक लांब हिरवं पातं ओढून काढलं आणि ओलं तसंच त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"तोंडात," ती म्हणाली.