पाणी वाहीपर्यंत

अड्याळजवळच्या आमच्या टेकडीवर महादेव आहे. त्याला पाणी वाहीपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. पायथ्याशी दोराचं वेटोळं घेऊन उभ्या असलेल्या लिलाधरला ते कसं ठाऊक असणार?

"कड्याकडे कोनती वाट जाते जी?"

मी बोटानं दाखवलं. त्याला वाटलं, मी मुकी आहे... मग तोही हातवारे करत माझ्यामागून अख्खी टेकडी चढला.

पूजा झाल्यावर मी म्हणाले, "कड्याच्या डाव्या अंगाले जाऊ नोका. आग्यामोहोळ हाये."

त्याचे हात हवेतच राहिले. "बोलता येते, तं मंग मले काहून नाचवलं?"

"मी कुठं नाचवलं? तुमीच नाचले."

लाखांदूरचा हा पोरगा मग दर रविवारी येऊ लागला. पूजा आटोपली की मलाही कडा चढायला शिकवायचा – बोटं कुठं रुतवायची, पाय कुठं टेकवायचा. शिकवताना बघायचा मात्र माझ्याकडेच. पौषातल्या एका रविवारी दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "दुर्गा... माह्यासंग लगन करशील का?"

'हो' ओठांवरच होतं. पण लाज वाटली, आणि देवळाकडे हात जोडून मी बोलून गेले, "हा कडा चढून झाला का सांगीन."

देवापुढे बोललेलं, म्हणजे तोही नेमच झाला. आणि कड्याच्या मध्यावर खडकाचं पोट पुढं आलेलं! तिथं दर खेपेला माझे हात सुटायचे, मी दोरावर लोंबकळायचे.

"अर्ध्या कड्यावर भागव म्हनून देवाले सांगून पाहू का?" तो चिडवायचा.

"देवासंग घासाघीस नाही करत."

मग त्याला हिमाचलात गिर्यारोहण शिकवायची नोकरी लागली. निघायच्या सकाळी तो आला. वर मोहाच्या झाडामागून दोर घेऊन त्याची दोन्ही टोकं खाली सोडूनच ठेवली होती त्यानं – एक माझ्या कमरेला, दुसरं त्याच्या हातात. "माही यष्टी हाये थोड्या वेळानं. आज तरी..."

वाटेनं जाऊन, पूजा करून परत खाली यायला वेळ नव्हता. तांब्यातलं पाणी मी बाटलीत ओतलं, बाटली कमरेला बांधली, आणि कड्यावरूनच महादेवाकडे निघाले – न बोलता.

"हात सुटाले लागला तं आवाज देशीन न?"

मी मान हलवली. नाही.

"मंग मले कसं समजन?"

मी दोराला दोन हिसके दिले आणि मूठ आवळून दाखवली.

"दोन म्हंजे घट्ट. बरं बाई."

खडक गार होता. खाली धानाच्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक निळं फुललेलं. खडकाच्या पोटाशी आले आणि बोटं सरकू लागली. हिसका द्यायला हात मोकळा नव्हता... तेवढ्यात खालून सैल दोर अलगद आवळला गेला. त्यानं ओढलं नाही मला, नुसतं जवळ धरलं. मी पाय उंच टाकला, अंग झोकून दिलं, आणि पोटाची वरची कड हाताला लागली. तिथून वरचा अर्धा कडा सोपाच होता.

पाणी वाहिलं. दिवसाचा पहिला शब्द महादेवाचा. मग मोहाचा बुंधा धरून मी खाली वाकले.

"लिलाधर..."

लग्नानंतर नाव घ्यायचं नसतं आमच्यात, म्हणून आणखी एकदा घेतलं. "लिलाधर, तुमच्या आईले आमच्या घरी पाठवजा."

"ते पाठवतो. पन तू काय म्हनते?"

"देवाले पानी तं वाटेनंबी नेता येते," मी म्हणाले. "मी कड्यावरून कायले आली?"