उघडी रेघ

अम्माची शपथ घेऊन सांगितलं असतं, पण तो हक्क मला राहिलेला नाही. म्हणून साधंच सांगते. हे माझ्याच घरात घडलंय. नाशिकला, सातपूरच्या अशोकनगरमध्ये, तळमजल्यावर. तारीखही पाठ आहे. सतरा डिसेंबर २०२३, पहाटेचे पाच.

आम्ही तमिळ. अप्पा चाळीस वर्षांपूर्वी तिरुनेलवेलीहून इथल्या कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. मी मराठी शाळेत शिकले. माझं तमिळ स्वयंपाकघरापुरतं.

आमच्याकडे घरातली बाई रोज पहाटे उंबऱ्याबाहेर पाणी शिंपडते आणि तांदळाच्या पिठीने कोलम काढते. तुमच्या रांगोळीसारखंच असतं. फक्त ठिपके जोडायचे नाहीत, त्यांच्याभोवती एकच रेघ फिरवत न्यायची आणि जिथून निघाली तिथेच आणून जुळवायची. घरात कुणी गेलं असेल तरच दार रिकामं ठेवतात.

"रेघ उघडी ठेवायची नाही," अम्मा म्हणायची. "त्यातून घरातलं माणूस निघून जातं."

चौतीस वर्षं तिची रेघ चुकली नाही.

मग २०२२ च्या दिवाळीनंतर चुकायला लागली. बोटभर जागा उरायची.

"अम्मा, रेघ जुळली नाही."

"बोट तिथपर्यंत पोचत नाही गं."

मी हसण्यावारी नेलं. पुढे तर ती कोलम न काढताच हातात पिठीचा डबा घेऊन बसून राहायला लागली. विचारलं की म्हणायची, "मनसु सरियिल्ल."

मन ठीक नाही. पण आमच्याकडे हे डोकं दुखलं तरी म्हणतात, नवऱ्याशी वाजलं तरी म्हणतात. मी आपला सोयीचा अर्थ लावला, मूड नाही.

अप्पांनी दृष्ट काढली. लिंबू उतरवलं, दंडाला काळा दोरा बांधला. अम्माचं जेवण दोन घासांवर आलं.

समोरच्या हुस्नबानो चाचींनी मला जिन्यापाशी गाठलं. "वल्लरी बेटा, अम्माला मनाच्या डॉक्टरला दाखव. माझ्या बहिणीचं सेम असंच झालेलं. गोळ्या घेतल्या, एकदम चांगली झाली."

मी काय म्हटलं माहितीये?

"लग्न ठरू दे चाची, मग दाखवते."

कोइमतूरचं स्थळ होतं. नोकरी चांगली, माणसं चांगली. मुलीची आई वेडी आहे, हे आमच्या लोकांत पसरायला एक फोन पुरतो. मला ते स्थळ हवं होतं. खोटं कशाला बोलू?

पाहुणे यायच्या दिवशी दार रिकामंच. त्यांना वाटलं असतं, घरात कुणीतरी गेलंय. मी धावत मेनरोडला गेले आणि कोलमचं स्टिकर आणून उंबऱ्याबाहेर चिकटवलं.

अम्मा दारात उभी राहून बघत होती.

"छान दिसतंय," ती म्हणाली. "आता माझी गरज नाही."

मला वाटलं, चिडवतेय. मी हसले.

तीन आठवड्यांनी, भोगीच्या सकाळी, ती झोपेतून उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी मान हलवली. स्थळ नंतर असंच बारगळलं, कुणाला काही कळलेलं नसतानाही.

वर्षभर आम्ही कोलम काढणार नव्हतोच. पण ते स्टिकर डोळ्यांत खुपायचं. काढायला गेले तर निघेना. सुरीचं टोक वाकलं.

आणि मग ती सतरा डिसेंबर. आमच्या मार्गळी महिन्याचा पहिला दिवस. अम्मा या महिन्यात सगळ्यात मोठं कोलम काढायची.

मला जाग आली ती आवाजाने.

सप्... सप्... सप्...

कुणीतरी दाराबाहेर पाणी शिंपडत होतं.

मग केरसुणीची सरसर...

मग काहीच नाही. कोलम काढताना आवाज होत नाही. ती शांतता मला लहानपणापासून ठाऊक होती.

मी उठले, कडी काढली. बाहेर कुणी नव्हतं. फरशी ओली होती.

स्टिकर तेवढं... कोरडं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. अप्पांना काही ऐकू आलं नाही. चौथ्या दिवशी स्टिकरच्या कडेने मुंग्या आत शिरताना दिसल्या.

चाची दूध घ्यायला बाहेर आल्या. "बरं केलंस बेटा, रंगोली परत चालू केलीस."

"मी? मी नाही काढली, चाची."

"अगं, रोज तर बघते मी. पाठमोरी, वाकून काढते ना तू. अम्माची ती चॉकलेटी साडी नेसून..."

त्या साडीतच आम्ही अम्माला निरोप दिला होता.

मी खाली बसले. स्टिकरला नुसतं बोट लावलं... आणि ते दुधावरच्या सायीसारखं अलगद सुटून आलं.

खाली कोलम होतं.

तांदळाच्या पिठीचं. ताजं. मुंग्या पिठी खात होत्या.

आणि एका ठिकाणी... बोटभर जागा उघडी.

मला रडू फुटलं. मी आतून डबा आणला, चिमूटभर पिठी घेतली आणि ती जागा भरली. "चुकले अम्मा," म्हटलं. तमिळमध्ये म्हटलं. तेवढं येतं मला.

तेव्हापासून बाहेरचा आवाज बंद झाला. कोलम मीच काढायला लागले, रोज. वाटलं, संपलं सगळं.

पण गेल्या महिन्यापासून...

रेघ फिरवत शेवटपर्यंत आणते. एवढीशी जागा उरते. मला ती दिसते. हात पुढे करते...

बोट तिथपर्यंत पोचत नाही.

हात दुखत नाही. काहीच दुखत नाही. पिठीचा डबा घेऊन मी तशीच बसून राहते. भूकही लागत नाही हल्ली.

आज सकाळी अप्पा दारात आले. खाली बघितलं, मग माझ्याकडे.

"काय झालं गं?"

मला खूप काही सांगायचं होतं. अम्मालाही तेव्हा सांगायचं असणार. पण तोंडातून तेवढंच निघालं.

"मनसु सरियिल्ल, अप्पा."

अप्पांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेले.

फ्रिज उघडल्याचा आवाज आला...

ते लिंबू घेऊन बाहेर आले.