हरकत क्रमांक तीन

सोलापूर, २०६१. शालेय प्रोग्रॅमिंग स्पर्धेची अंतिम फेरी. वयोमर्यादा बारा वर्षं. बक्षीस, अवकाशस्थानकात पंधरा दिवस. बारा वर्षांची निलोफर मुजावर पुढे होती.

यंत्रपंचाचा प्रश्न असा: एका फंक्शनमध्ये (हाक मारली की ठरलेलं काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा) एक स्टॅटिक व्हेरिएबल (किंमत ठेवायची जागा) आहे. सुरुवातीला त्यात शून्य. प्रत्येक हाकेला त्यात एक मिळवायचा आणि उत्तर छापायचं. तीन हाकांत काय छापलं जाईल?

“एक, दोन, तीन.”

“चूक,” पंच म्हणाला. “शब्दकोशात स्टॅटिक म्हणजे स्थिर, न बदलणारे. उत्तर शून्य, शून्य, शून्य.”

निलोफरनं हात वर केला.

“हरकत क्रमांक एक. मुद्दा सांगा.”

“साधं व्हेरिएबल फळ्यासारखं असतं. फंक्शनचं काम संपलं की पुसलं जातं. स्टॅटिक पुसलं जात नाही, पुढच्या हाकेला जुना आकडा तिथंच असतो. स्थिर आहे ती जागा. आकडा बदलतो.”

“फेटाळली.”

तिनं पुन्हा हात वर केला.

“हरकत क्रमांक दोन. मुद्दा सांगा.”

“आत्ताच सांगितला की.”

“आधीचा मुद्दा साठवलेला नाही. फेटाळली. तिसरी फेटाळल्यास स्पर्धक बाद.”

मागून तिच्या शाळेतल्या हिरेमठ बाई कुजबुजल्या, “बस आता गं. हा प्रश्न गेला तरी तूच पुढं आहेस. एकच प्रश्न उरलाय.”

“बाई, तो मुद्दा विसरला. आकडा नाही विसरला.”

“मग?”

निलोफरनं हात वर केला.

“हरकत क्रमांक तीन. मुद्दा सांगा.”

“हरकतींचा आकडा तुम्ही कुठं ठेवता?”

“स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये.”

“सकाळी किती होता?”

“शून्य.”

“आता?”

“तीन.”

“मग बदलला की नाही?”

पंचानं शब्दकोश पुन्हा तपासला.

“बदलला. मुद्दा बरोबर आहे. मात्र शब्दकोश बदलण्याचा अधिकार पंचाला नाही. फेटाळली. स्पर्धक बाद.”

बाई परतीच्या बसमध्ये एवढंच म्हणाल्या, “शहाणपण महागात पडलं.” घरी पोचल्यावर त्यांनी संयोजकांना चार पानी पत्र लिहिलं.

पुढच्या वर्षी पंचाच्या शब्दकोशात दुरुस्ती आली: ‘स्टॅटिक: जागा टिकते, किंमत बदलू शकते.’ तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. एका मुलीनं “एक, दोन, तीन” म्हटलं आणि तिला गुण मिळाले. निलोफर ते प्रेक्षकांत बसून पाहत होती.

स्टॅटिक व्हेरिएबलही कायमचं नसतं. प्रोग्रॅम बंद करून नव्यानं सुरू केला की ते पुन्हा मूळ किमतीवर येतं. पंचाच्या हरकतींचा आकडा या वर्षीही सकाळी पुन्हा शून्य होता.

निलोफरचं वय मात्र तेरा होतं.